गळ्यातला देव पट्टायाच्या पाण्यात

थायलंडला जाऊन आलात म्हणे, असं कोणी विचारलं की मी "हो, गेले होते" एवढंच म्हणते आणि विषय बदलते. बायकांना वाटतं, लाजतेय. लाजतेय कसली! आठवलं की अजून डोकं फिरतं माझं.

उदगीरला आमचं बी-बियाणांचं आणि खताचं दुकान. कंपनीवाले दुकानदारांना टार्गेट देतात आणि ते पुरं झालं की विमानातून फिरवून आणतात. आधी दोनदा आमचे हे एकटेच जाऊन आले होते, सगळे दुकानदार मिळून. येताना माझ्यासाठी एक पर्स आणायची, की झालं यांचं कर्तव्य. त्या खेपेला मात्र कंपनीनं सांगितलं, जोडीनं या. आणि वर्ष कोणतं निवडलं? दुष्काळाचं! लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं. आमच्या गल्लीत टँकरचा हॉर्न वाजला की भल्याभल्या घरातल्या बाया एकमेकींच्या झिंज्या धरायच्या. अशा वेळी माझ्या घागरी शेजारणीच्या भरवशावर टाकून मी समुद्र बघायला निघाले. शेजारीण तोंडावर म्हणाली, "जावा की, हौस करून या." पाठ वळल्यावर काय म्हणाली ते मला पलीकडच्या घरातून कळलं. मी यांना म्हटलं, "आपण नको जाऊ. लाज वाटते मला." तर हे म्हणतात, "आपण न्हाई गेलो म्हणून टँकर लवकर येणार हाय का?" आयुष्यभर हे असंच. बोलणं असं की उत्तर सुचत नाही, आणि अंगाचा नुसता तिळपापड होतो.

आम्ही लिंगायत. आमच्यात स्वामी दीक्षा देतात आणि गळ्यात इष्टलिंग बांधतात. चांदीच्या छोट्या डबीत ठेवलेलं, दोऱ्यानं गळ्यात अडकवलेलं, ते मरेपर्यंत. आम्ही घरात त्याला नुसतं देव म्हणतो. सकाळी आंघोळ झाली की डबी उघडायची, देव डाव्या तळहातावर घ्यायचा, भस्म लावायचं, बेल वाहायचा, आणि मग पाण्याचा पहिला घोट. त्याआधी काही नाही. ज्याचा देव त्याचाच. दुसऱ्याची डबी कोणी उघडत नाही, मग ती नवऱ्याची का असेना.

मी हे सगळं रोज करते, तापात फणफणले तरी करते. आणि आमचे हे? यांची डबी देवघरातल्या खुंटीला. मठात जायचं असलं, कोणाचं लग्न असलं, तर गळ्यात. परत आले की खुंटीला. मी पूजेला बसले की यांनी चपला पायात सरकवायच्या आणि दुकान गाठायचं. काय काय नाही बोलले मी! नास्तिक म्हटलं, वाया गेलेला म्हटलं, स्वामींच्या देखत बोलले एकदा. सासूबाई होत्या तोवर त्याही बोलायच्या. हे आपले हसायचे. नुसतं हसायचे, आणि मला त्या हसण्याचा राग यायचा.

पण या वेळी मी हट्टाला पेटले. म्हटलं, समुद्र ओलांडून परमुलखात जातोय, गळ्यात देव पाहिजेच. हे म्हणाले, "राहू दे की खुंटीला. तिकडं हरवल." मी म्हटलं, "तुम्ही हरवाल, तो नाही हरवणार." मीच दोन्ही डब्यांना नवे पांढरे दोरे ओवले. डब्या दोन्ही सारख्याच, लग्नात एकाच सोनारानं केलेल्या. यांच्या डबीला तळाशी एक पोचा आहे, बस, तेवढाच फरक.

विमान हैदराबादहून होतं. जीपमध्येच भांडण सुरू झालं होतं. आमचे हे 'उदगीर जिल्हा झाला पाहिजे' म्हणणाऱ्यांच्या समितीत. लातूरजवळच्या मुरुडचा दुकानदार म्हणाला, "आधी लातूर जिल्ह्याला तर पाणी मिळू द्या, मग दुसरा जिल्हा मागा." झालं! हे जे पेटले ते विमानतळ आला तरी विझेनात. तपासणीच्या ठिकाणी माझ्या गळ्याजवळ ते यंत्र कुंई कुंई करायला लागलं. पडद्याआडची पोलीसबाई म्हणाली, चांदी आहे, काढून ट्रेमध्ये ठेवा. मी म्हटलं, बाई, हा देव आहे, तर ती म्हणाली, इथं सगळे देव ट्रेमधूनच जातात. यांचीही डबी त्याच ट्रेमध्ये. पलीकडे यांनी ट्रे उचलला, तोंडानं मुरुडकराला तालुक्यांची नावं मोजून दाखवत होते, आणि न बघता एक डबी स्वतःच्या गळ्यात अडकवली, दुसरी माझ्या हातात दिली. मी डोळ्यांना लावून ती गळ्यात घातली. तेव्हाच उघडून बघायला पाहिजे होती, पण भर विमानतळावर देवाची डबी कोण उघडतं?

विमानात मी पाणीसुद्धा घेतलं नाही. आंघोळ नाही, पूजा नाही, कसं घेणार? यांनी स्वतःचं जेवण खाल्लं, माझंही खाल्लं, वर हवाईसुंदरीला लोणचं मागितलं. बँकॉकला उतरून बसनं पट्टायाला निघालो तेव्हा सकाळ झाली होती. ड्रायव्हरशेजारची थायी पोरगी माईकवरून काहीतरी गोड गोड सांगत होती, आणि मागं आमचे दुकानदार उदगीर, निलंगा, देवणी असं करत जिल्ह्याच्या हद्दी आखत होते. अर्धापूरचा केळीवाल्यांना खत विकणारा दुकानदार ओरडला, "अरे, बाहेर बघा जरा! काय करून राहिले तुम्ही लोकं?" कोणी बघेल तर शपथ.

हॉटेलात सामान टाकलं नाही टाकलं, कंपनीचा साहेब खाली टाळ्या वाजवायला लागला. बेटावर जायचंय, होडी थांबणार नाही, पुरुषमंडळी तयार आहेत, बायका दमल्या असतील तर त्यांनी दुपारी यावं. आमचे हे फुलाफुलाची बर्मुडा घालून जिन्यावर! साठीकडं झुकलेला माणूस, पोटऱ्यांवर खताच्या पोत्यांचे वळ, आणि वर बर्मुडा. मी म्हटलं, "चहा तरी घ्या." "तिकडं नारळपाणी हाय," म्हणाले आणि गेले.

मी न्हाणीघरात शिरले. बादली नाही, तांब्या नाही. नुसता वरून पाऊस पडणारा नळ. आमच्याकडं थेंब थेंब साठवायचा आणि इथं माणसाला उभ्या उभ्या धो-धो भिजवायचं, ही कसली आंघोळ! मला तो नळ उघडवेना. शेवटी टेबलावरची चहाची किटली आणली, ती बेसिनच्या नळावर भरून भरून अंगावर घेतली आणि तेवढ्या पाण्यात आंघोळ उरकली. केस पुसले, ओल्या फडक्यात बांधून आणलेली बेलाची पानं काढली, भस्म काढलं, पूर्वेकडं तोंड करून खाली बसले आणि डबी उघडली.

आत सुपारी.

अख्खी, वाळकी, तपकिरी सुपारी. मी डबी उलटी केली, झटकली. आधी वाटलं विमानतळावर कोणीतरी हात मारला. मग डबी फिरवून बघितली तर तळाला पोचा. म्हणजे ही यांची डबी. म्हणजे माझा देव यांच्या गळ्यात. आणि हे कुठं, तर समुद्रात!

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दोन आगी होत्या, खरं सांगायचं तर. एक, माझा देव, जो दीक्षा झाल्यापासून माझ्या अंगावरून कधी उतरला नाही, तो या माणसाच्या गळ्यात खाऱ्या पाण्यात गटांगळ्या खातोय, दोरा तुटला तर तळाला जाईल आणि मी कायमची गेले. देव हरवला तर माणूस मेल्यातच जमा, असं आमची आजी म्हणायची, आणि आजीच्या काळी लोक खरंच अन्नपाणी सोडायचे. आणि दुसरी आग ही सुपारी. इतकी वर्षं हा माणूस देवघरात सुपारी टांगून मला हसत होता! मठात सुपारी घालून जात होता! स्वामींच्या पाया सुपारी घालून पडत होता!

यांना फोन लावला, तर यांचा फोन खोलीतच, चार्जिंगला लावलेला. तशीच ओल्या केसांनी खाली गेले. साहेब म्हणाला, "मॅडम, येतील ना सर दुपारपर्यंत." मी म्हटलं, "दुपारपर्यंत माझा देव राहतो का, हे तू लिहून देतोस का?" तो घाबरला आणि उगाच मोबाईल बघायला लागला. निलंग्याच्या दुकानदाराची बायको लॉबीत पाव खात बसली होती. तिला सांगितलं. तिनं पाव ताटलीत टाकला. "अय्यो शिवशिवा! चला अक्का, मी येते." लिंगायतीण होती, तिला समजावून सांगावं लागलं नाही.

रस्त्यावर उघड्या टेम्पोसारखी गाडी उभी होती, मागं दोन बाकं, आपल्याकडं काळी-पिवळीत बसतात तशी माणसं बसलेली. मी ड्रायव्हरला हातांनी होडी वल्हवून दाखवली, निलंग्याच्या बाईनं बोट लांब करून "पाणी, पाणी" केलं. तो हसला आणि आम्हाला धक्क्यावर नेऊन सोडलं. तिथून होडी. होडी कसली ती, पाण्यावर आपटत जाणारं भूत! निलंग्याच्या वहिनी एका हातानं माझा दंड आणि एका हातानं स्वतःचं मंगळसूत्र धरून बसल्या होत्या. माझ्या पोटात कालपासून काही नव्हतं म्हणून बरं, नाहीतर तेही समुद्रात गेलं असतं. वाटभर मी यांना शिव्या घातल्या. मोठ्यानं घातल्या. शेजारी कुठलीशी गोरी जोडी बसली होती, त्यांना वाटलं मी भीतीनं देवाचं नाव घेतेय. ती बाई माझ्या पाठीवरून हात फिरवायला लागली.

बेटावर उतरलो तर आमची मंडळी वाळूत बसून चिवडा खात होती. मुरुडकर होता, अर्धापूरकर होता, हे नव्हते.

"आमचे हे कुठं आहेत?"

मुरुडकरानं तोंड भरलेलं असल्यामुळं वर बोट केलं. मी वर बघितलं. समुद्रावर, आभाळात, एका लाल पॅराशूटला लटकलेली फुलाफुलाची बर्मुडा. खालची मोटरबोट त्यांना ओढत होती आणि हे वरून हात हलवत होते. माझ्याकडं बघून हलवत होते! मी किनाऱ्यावरून ओरडले, "गळा धरा! गळा धरा आपला!" वरून काय कळणार यांना, हे आणखी जोरात हात हलवायला लागले. आणि तेवढ्यात त्या बोटवाल्यानं गंमत म्हणून बोट हळू केली, हे छातीपर्यंत समुद्रात बुडाले, पुन्हा वर. सगळे टाळ्या वाजवून हसले. मी पदराचा बोळा तोंडात धरून उभी होते.

हे उतरले, पट्टे सोडले, गळ्यातून पाणी निथळतंय, आणि मला बघून म्हणतात, "तू बी बस की एकदा, लई मजा हाय!" मी सरळ जाऊन यांच्या गळ्यातला दोरा धरून ओढला. डबी होती. एवढ्या माणसांत झाकण उघडवेना. वहिनींनी आपला पदर आडवा धरला तेव्हा उघडलं. माझा देव आत होता, ओला, पण जसाच्या तसा. मी तो ओठांना लावला. समुद्राचं मीठ जिभेला लागलं.

आणि मग मी वळले.

"ही सुपारी कोणाची?" मी ओरडले. दुसरी डबी यांच्या तोंडासमोर धरली. "सांगा की आता सगळ्यांना! जिल्हा मागतोय हा माणूस, आणि गळ्यात सुपारी घालून फिरतोय! देव कुठं विकला?"

मुरुडकर हसायला लागला होता, तो गप्प झाला. यांच्या चेहऱ्याकडं बघून गप्प झाला बहुतेक. हे हसत नव्हते. "हळू बोल," म्हणाले. माझा हात धरला आणि मला बाजूला नेलं, जिथं भाड्याच्या खुर्च्या रचून ठेवल्या होत्या, त्यांच्या पलीकडं.

"माझा देव बापूंच्या हातात हाय," ते म्हणाले.

बापू म्हणजे माझे सासरे. लातूर जिल्हा वेगळा झाला त्या साली वारले, माझ्या लग्नाला वर्ष व्हायचं होतं. आमच्यात माणसाला जाळत नाहीत. बसवून समाधी देतात आणि डाव्या तळहातावर त्याचाच देव ठेवतात. देव हातात नसताना माणूस गेला, यापरीस वाईट आमच्यात काही नाही.

हे वाळूकडं बघत सांगत होते. लातूरच्या दवाखान्यात बापूंच्या गळ्यातलं सगळं काढून ठेवलं होतं. गेल्यावर कोणीतरी डबी आणून यांच्या हातात दिली. झाकण उघडं आणि आत काही नाही. खाटेखाली शोधलं, चादरी झटकल्या, झाडणारीला विचारलं. नाही मिळाला. घरी सासूबाई दारात बसलेल्या. त्या पहिलं हेच विचारणार, हे यांना ठाऊक होतं. जीपमध्ये बापू, हे आणि ड्रायव्हर. नळेगावच्या पुढं यांनी जीप थांबवली, पाणी पिऊन ये म्हणून ड्रायव्हरला खाली पाठवलं, आपला देव काढला आणि बापूंच्या डबीत ठेवला.

"आईनं विचारलं. म्हटलं, हाय गळ्यात. पुढं तुला ठावं हाय."

ठाऊक होतं की! सासूबाई मरेपर्यंत येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या, आमचे मालक देव हातात घेऊन गेले. ते सांगताना त्यांची मान ताठ व्हायची. आणि त्याच तोंडानं पोराला म्हणायच्या, तू काय घेऊन जाणारेस रे? हे तिथंच बसून हसायचे.

मला रडू यायला पाहिजे होतं. आला राग. असा राग मला आयुष्यात आला नाही. त्या दवाखान्याचा आला, सासूबाईंचा आला, यांचा तर विचारूच नका. "मला का नाही सांगितलं?" मी म्हटलं. "मी परकी होते?"

"तू नवी हुतीस तवा. आईला सांगितलं असतंस."

"आणि आई गेल्यावर?"

"तवर तू मला नास्तिक म्हणायला लागली हुतीस. म्हटलं, चाललंय ते बरं चाललंय."

"आणि ही सुपारी?"

"रिकामी डबी हलकी लागती. कोणी उचलली तर कळल." मग जरा लाजून म्हणाले, "किडली की बदलतो मी."

मला तिथंच यांना धरून हलवावंसं वाटलं. मी म्हटलं, "गावी गेलो की पहिलं मठात जायचं. स्वामींना सगळं सांगायचं आणि दुसरा देव घ्यायचा. देतात. हरवलेल्यांना देतात."

यांनी नकारार्थी मान हलवली. "माझा हरवला न्हाई. मला दुसरा मिळाला, तर मग बापूंच्या हातातला कोणाचा म्हणायचा?"

"तो बापूंचाच!"

"न्हाई. तो माझाच हाय. मी त्यांच्याजवळ ठेवलाय." असं म्हणाले, जसं कोणी दुकानाची किल्ली ठेवायला दिली आहे. "एका माणसाला एकच."

या माणसापुढं मी जन्मभर हात टेकले आहेत, पण असे कधी नाही. "मग तुमची वेळ आल्यावर?" मी ओरडले, खुर्चीवाला वळून बघायला लागला इतकी ओरडले. "तुमच्या हातात काय देऊ मी? चार माणसं बघत असताना काय देऊ?"

"सुपारी दे," हे म्हणाले, आणि हसले. तेच हसणं. "सवय झालीय तिची."

"माझा देईन मी," मी म्हटलं. "माझा काढून तुमच्या हातात देईन आणि सुपारी गळ्यात घालून हिंडेन. कोणाच्या बापाला कळू देणार नाही. बघाच तुम्ही."

यांचं हसू थांबलं. ओल्या बर्मुडावरची वाळू झाडत उगाच उभे राहिले, माझ्याकडं बघेनात. मग म्हणाले, "चल, त्या नळावर हात-पाय धू आणि पूजा करून घे आधी. कालपासून उपाशी हायस तू."